‘लिसा अँड द डेव्हिल’: एकाच सिनेमाबद्दल प्रेक्षक इतकं उलटसुलट का बोलतात?

मारिओ बावा या इटालियन दिग्दर्शकाचा ‘लिसा अँड द डेव्हिल’ हा १९७३ सालचा भयपट आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. ज्यांनी तो पाहिलाय त्यांची मतं वाचायला घेतली की माणूस चक्रावतो. एक म्हणतो, इतका देखणा भयपट दुसरा नाही. दुसरा म्हणतो, शेवटपर्यंत ओ की ठो कळलं नाही, दीड तास फुकट गेला. तिसरा म्हणतो, ही तर ‘द एक्झॉर्सिस्ट’ची भिकार नक्कल आहे, हिरव्या ओकाऱ्या आणि अर्वाच्य शिव्या यांपलीकडे त्यात काही नाही. पहिल्या दोघांचं भांडण आवडीनिवडीचं म्हणून सोडून देता येईल. तिसऱ्याचं काय करायचं? पहिल्या दोघांनी जो सिनेमा पाहिला त्यात हिरवी ओकारी नाही, शिव्यांची सरबत्ती नाही आणि भूत उतरवणारा पाद्रीही नाही.

गंमत म्हणजे तिघेही खरं बोलताहेत. या सिनेमाबद्दलचं कुठलंही मत वाचताना आधी एक गोष्ट विचारावी लागते: बाबा रे, तू नेमकं काय पाहिलंस? कुठली आवृत्ती, कुठल्या भाषेतली, कुठल्या प्रतीवरून? ते कळलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेली निम्मी मात्र खरी आहेत आणि त्यांच्यात शिरण्यासारखं बरंच काही आहे.

आधी गोष्ट सांगतो. शेवटही सांगणार आहे, कारण तो सांगितल्याशिवाय मतभेद समजत नाहीत. आणि या सिनेमाची मजा ‘पुढे काय होतं’ यावर फारशी अवलंबून नाही.

लिसा नावाची एक परदेशी तरुणी प्रवासी कंपनीच्या गटाबरोबर स्पेनमधलं तोलेदो हे जुनं शहर पाहायला आली आहे. भिंतीवरच्या एका जुन्या चित्रात सैतान मेलेल्या माणसांना उचलून नेतोय. गटातली मंडळी ते चित्र पाहण्यात गुंतलेली असताना लिसा बाजूला सरकते, जुन्या वस्तूंच्या एका दुकानात शिरते. तिथे एक टकला गृहस्थ माणसाएवढा पुतळा घेऊन उभा आहे. त्या गृहस्थाचा चेहरा भिंतीवरच्या सैतानाशी मिळताजुळता. ती घाबरून निघते आणि तोलेदोच्या अरुंद गल्ल्यांत वाट चुकते. पुढच्या वळणावर तिला एक माणूस भेटतो, हुबेहूब त्या पुतळ्यासारखा दिसणारा. तो तिला वेगळ्याच नावाने हाक मारतो, तिची फार जुनी ओळख असल्यासारखा अंगाशी येतो. ती त्याला ढकलते, तो पायऱ्यांवरून गडगडत जातो आणि मेल्यासारखा पडून राहतो.

रात्र होते. एक श्रीमंत जोडपं आणि त्यांचा ड्रायव्हर तिला गाडीत घेतात. गाडी एका जुन्या वाड्यासमोर बंद पडते. वाड्यात एक आंधळी सरदारीण, तिचा विक्षिप्त मुलगा मॅक्सिमिलियन, आणि चाकरी करायला तोच टकला गृहस्थ, लिआंड्रो. या घरात पूर्वी एलेना नावाची एक बाई होती, मॅक्सिमिलियनची प्रेयसी, आणि लिसा दिसायला अगदी तिच्यासारखी. पायऱ्यांवरून पडलेला माणूस म्हणजे सरदारिणीचा दुसरा नवरा, कार्लो. एलेना आणि त्याचं प्रकरण होतं. मग एकेक खून पडत जातो. ड्रायव्हर जातो, श्रीमंत नवऱ्याला त्याचीच बायको गाडीखाली घालते, तिलाही कोणी सोडत नाही. मॅक्सिमिलियनच्या हातून आईसुद्धा सुटत नाही आणि शेवटी तो स्वतः खिडकीतून खाली कोसळून मरतो.

सकाळी लिसा जागी होते तर वाडा म्हणजे निव्वळ पडझड. खोलीत वेली माजल्यात. बाहेर खेळणाऱ्या मुली तिला पाहून दचकतात, कारण इथे शंभर वर्षांत कुणी राहिलेलं नाही. ती कशीबशी शहर गाठते, परतीचं विमान पकडते. विमान आकाशात असताना तिच्या लक्षात येतं की आजूबाजूला कुणीच नाही. मागे जाऊन पाहते तर सीटवर वाड्यातली मेलेली माणसं बसली आहेत. कॉकपिटचं दार उघडते तर विमान चालवतोय लिआंड्रो. लिसा जागच्या जागी कोसळते. संपला सिनेमा.

हा झाला बावाने बनवलेला सिनेमा. आता तो बाजारात कसा बदलला ते पाहू.

बावा हा मुळात छायाचित्रकार. वडील एउजेनिओ इटालियन मूकपटांच्या काळात छायाचित्रण आणि ट्रिक फोटोग्राफीत मुरलेले. त्यामुळे काचेवर रंगवलेली दृश्यं, आरसे, छोटे नमुने यांतून खोटं जग उभं करण्याची कला पोराने घरातच उचलली. १९६० साली ‘ला मास्केरा देल देमोनिओ’ या चेटकिणीच्या काळ्यापांढऱ्या भयपटाने त्याचं नाव इटलीबाहेर गेलं. पण त्याच्या वाट्याला कायम तुटपुंजे पैसे, घाईचं वेळापत्रक आणि दुसऱ्यांनी ठरवलेले विषय आले. १९७२ मध्ये निर्माता आल्फ्रेदो लेओने याच्यासाठी त्याने ‘बॅरन ब्लड’ केला, तो अमेरिकेत चांगला चालला. खूश झालेल्या लेओनेने सांगितलं, पुढचा सिनेमा तुझ्या मनासारखा कर. इतकी मोकळीक बावाला क्वचितच मिळाली असेल. तिचं फळ म्हणजे ‘लिसा’.

नटसंच तगडा होता. लिसाच्या भूमिकेत एल्के सोमर, सरदारीण म्हणून अलिदा वाल्ली, मॅक्सिमिलियन म्हणून अलेस्सिओ ओरानो, श्रीमंत बायको म्हणून सिल्वा कोशिना. लिआंड्रो झालाय टेली सवालास. १९६९ च्या बाँडपटात खलनायक ब्लोफेल्ड झालेला तो हाच. सिनेमाभर तो काठीवरचं गोळीचं चॉकलेट, म्हणजे लॉलीपॉप, चोखत फिरतो. हाच लॉलीपॉप पुढे ‘कोजॅक’ या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या त्याच्या पोलीस अधिकाऱ्याची ओळख बनला. त्यामुळे आजचा अमेरिकन प्रेक्षक ‘सैतान कोजॅकसारखा वागतो’ म्हणून हसतो. प्रत्यक्षात ही मालिका १९७३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि सिनेमाचं चित्रीकरण त्याआधीच संपलं होतं.

१९७३ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या वेळी सिनेमा वितरकांना दाखवला गेला. पाहणाऱ्यांनी वाखाणला, विकत मात्र कुणी घेतला नाही. स्पेनमध्ये तो वेगळ्या नावाने लागला, बाकी ठिकाणी डब्यातच पडून राहिला. आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत ‘द एक्झॉर्सिस्ट’ आला. लोकांनी रांगा लावल्या, पाद्री, झपाटलेली मुलगी, ओकारी, शिव्या या मालाला सोन्याचा भाव आला.

इथे इटालियन सिनेधंद्याची एक रीत लक्षात घ्यायला हवी. सिनेमाची एखादी जात चालली की वर्ष-दोन वर्षांत तिचे डझनावारी सिनेमे काढायचे आणि प्रेक्षक कंटाळला की पुढच्या जातीकडे वळायचं, असा तिथला हिशेब होता. आधी हर्क्युलिससारख्या पहिलवानांचे पौराणिक सिनेमे आले, मग वेस्टर्न आले, मग हातमोजे घातलेल्या खुन्यांचे रहस्यपट आले. १९७४ पासून झपाटलेल्या मुलींची लाट आली. लेओनेकडे न विकला गेलेला, पैसे अडकवून बसलेला एक सिनेमा होता, त्यात सैतान होता आणि नायिकाही हाताशी होती. त्याने ठरवलं, यालाच ‘एक्झॉर्सिस्ट’ करायचा.

एल्के सोमरला पुन्हा बोलावलं. पाद्री फादर मायकेल म्हणून अमेरिकन नट रॉबर्ट अल्डा आला. नवी दृश्यं चित्रित झाली: लिसा रस्त्यात फेफरं आल्यासारखी कोसळते, तिला इस्पितळात नेतात, तिथे ती पलंगावर तडफडते, घाणेरड्या शिव्या देते, तोंडातून हिरवं काहीबाही आणि बेडूक बाहेर टाकते. पाद्री तिच्याशी झुंजतो. मूळ सिनेमातला वाडा आता तिच्या अंगात शिरलेल्या एलेनाच्या आठवणीसारखा मध्ये मध्ये येतो. बावाला हा प्रकार रुचला नाही. काही भाग त्याने केला, पण शिवराळ, देवाधर्माची विटंबना करणारी दृश्यं करायला तो तयार नव्हता, ती लेओनेने उरकली. दिग्दर्शक म्हणून पडद्यावर नाव लागलं मिकी लायन, म्हणजे एक बनावट नाव, प्रत्यक्षात कुणीच नाही. ‘द हाउस ऑफ एक्झॉर्सिझम’ या नावाने हा जोडकाम केलेला सिनेमा १९७५ मध्ये इटलीत आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत लागला.

म्हणजे कित्येक वर्षं लोकांनी चित्रगृहात पाहिला तो हा दुसरा सिनेमा. बावाने मनापासून केलेला मूळ सिनेमा अमेरिकन प्रेक्षकापर्यंत पोचला तो १९८० च्या दशकात, टीव्हीवरून. बावा १९८० च्या एप्रिलमध्ये गेला होता. आपण इतक्या मनापासून केलेल्या सिनेमाला प्रेक्षक मिळालेला त्याने पाहिलाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन्ही आवृत्त्यांत फरक नेमका कुठे पडतो ते एका ठिकाणी पाहण्यासारखं आहे. मूळ सिनेमात लिसा वाट चुकते तो भाग घ्या. तोलेदोच्या गल्ल्या रिकाम्या आहेत, उन्हाचा कवडसा भिंतीवर तिरका पडलाय, तिच्या बुटांचा आवाज दगडी फरसबंदीवर येतोय आणि दर वळणावर तीच भिंत पुन्हा आल्यासारखं वाटतंय. काहीही घडत नाही. पण पाहणाऱ्याला हळूहळू कळायला लागतं की इथून बाहेर पडायचा रस्ता नाही. ही भीती साचत जाणारी आहे. तिला सलग वेळ लागतो. ‘हाउस ऑफ एक्झॉर्सिझम’मध्ये हाच भाग तुटतो: गल्ली, मग इस्पितळ, मग पुन्हा गल्ली, मग किंचाळी. बैठकीत विलंबित ख्याल रंगात आला असताना दर पाच मिनिटांनी दारातून लग्नाचा बँड जावा, तसं होतं. ख्यालही बिघडतो आणि बँडही धड ऐकू येत नाही.

आणखी एक मोठा बदल म्हणजे उत्तर देण्याची घाई. मूळ सिनेमा लिसा कोण, एलेना कोण, हे सांगत नाही. नव्या आवृत्तीत झपाटलेली लिसा पलंगावरून पाद्र्याला सगळं सांगून टाकते: मी एलेना, माझ्यावर असं असं झालं. कोडं सुटतं. पण विमानाचा शेवट जातो, आणि त्याच्याबरोबर सिनेमातली सर्वांत थंडगार कल्पना जाते. पाद्री वाड्यावर जाऊन मंत्र म्हणतो, वादळवारा सुटतो, विषय संपतो.

एक प्रामाणिक नोंद करायला हवी. ‘हाउस ऑफ एक्झॉर्सिझम’ आवडणारेही प्रेक्षक आहेत, आणि ते सगळेच अडाणी नाहीत. त्यांचं म्हणणं असं की मूळ सिनेमात लिसा नुसती घाबरत फिरते, नव्या दृश्यांत मात्र एल्के सोमर जीव तोडून काम करते. हे खरंच आहे. नक्कल असो वा नसो, त्या पलंगावर ती स्वतःला झोकून देते. ज्याला सत्तरच्या दशकातला बिनधास्त, बाजारू इटालियन भयपट आवडतो त्याला इथे पैसे वसूल वाटले तर त्यात गैर काही नाही. मी मात्र मूळ सिनेमाच्या बाजूचा आहे, हे आतापर्यंत लक्षात आलंच असेल.

आवृत्तीचा घोळ मिटला, आता आवाजाचा. ‘सगळे नट लाकडासारखे बोलतात’, ‘ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे’ अशी तक्रार या सिनेमाबद्दल नेहमी दिसते. त्याचं कारण नटांमध्ये नाही, पद्धतीत आहे. त्या काळी इटलीत बहुतेक सिनेमे सेटवर आवाज न धरता चित्रित होत. जर्मन नटी, अमेरिकन नट, इटालियन नटी, स्पॅनिश नट असे एका टेबलाभोवती बसत, बरेचदा जो तो आपल्याला झेपेल त्या भाषेत संवाद म्हणे आणि सगळ्यांचे आवाज नंतर स्टुडिओत भरले जात. इटालियन प्रतीसाठी इटालियन, इंग्रजी प्रतीसाठी इंग्रजी. त्यामुळे अशा सिनेमाला ‘मूळ भाषा’ अशी नसतेच. इटालियन प्रेक्षकाला यात काही वावगं वाटत नसे. १९३० च्या दशकात मुसोलिनीच्या सरकारने परदेशी सिनेमे इटालियनमध्ये डब करूनच दाखवण्याची सक्ती केली, तेव्हापासून तिथला कान डबिंगला सरावलेला आहे.

‘लिसा’च्या इंग्रजी प्रतीत सवालासचा स्वतःचा घोगरा, मिश्कील आवाज आहे आणि तो लाखमोलाचा आहे. काही कलाकारांचे आवाज मात्र परके, ओठांशी न जुळणारे. म्हणून एकाच टेबलावर एक माणूस जिवंत वाटतो आणि बाकीचे दुरून बोलल्यासारखे. काही प्रेक्षकांना हा दोष वाटतो. मला विचाराल तर या गोष्टीत तो शोभतो. वाड्यातली माणसं जिवंत आहेत की सैतानाचे पुतळे आहेत याचीच शंका असताना, एकट्या सैतानाचा आवाज शरीराला चिकटून यावा आणि बाकीच्यांचा सुटा सुटा यावा, हे फार परिणामकारक होतं. बावाने असं ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण झालंय छान.

आता उरलेलं खरं भांडण: ‘काही कळत नाही.’

मराठी भूतकथेत वाढलेल्या वाचकाला ही तक्रार लगेच पटेल. आपल्या भुतांना कारण असतं. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधी गेलेला पोरगा, त्याची जागा पिंपळ. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. इच्छा काय राहिली ते कळलं की उताराही कळतो: नारळ, लिंबू, दहीभात, पिंडदान. भीती असते, पण तिला नियम असतात. बावाच्या वाड्यात नियम दिसत नाहीत. पुतळा माणूस होतो, माणूस पुतळा होतो, मेलेला कार्लो पुढच्या प्रसंगात चालत येतो, काळ पुढे जातोय की मागे याचा पत्ता नाही. आपण ‘का’ विचारत बसलो तर दहाव्या मिनिटाला सिनेमा हातातून निसटतो.

याला स्वप्नाचा तर्क म्हणता येईल. स्वप्नात आपण शाळेत असतो, दार उघडलं की मामाच्या गावी असतो, आणि त्यात आपल्याला काहीच खटकत नाही. भावना मात्र सलग असते. या सिनेमातही घटनांची साखळी तुटक आहे आणि भावनेची सलग: कोणीतरी मला माझ्या नकळत ओळखतं, माझी जागा आधीच ठरलेली आहे, मला इथून सुटता येणार नाही. ही एक भावना पहिल्या चौकटीपासून शेवटापर्यंत सुटत नाही. श्रेयनामावली सुरू असताना एक हात पत्ते मांडत जातो आणि प्रत्येक पत्त्यावर एकेका पात्राचा चेहरा असतो. डाव आधीच मांडून झालाय, हे बावा इथेच सांगून टाकतो.

आणि खरं तर सिनेमा अगदीच निरुत्तर नाही. मला पटणारा अर्थ असा: ही सगळी माणसं फार पूर्वी मेलेली आहेत. वाड्यात जे घडलं ते एकदा घडून गेलंय, आणि आता लिआंड्रो त्यांच्याकडून तेच नाटक पुन्हा पुन्हा करवून घेतो. एलेनाच्या भूमिकेला बाई हवी होती, ती लिसाच्या रूपाने आली. किंवा लिसा हीच एलेना होती आणि एक दिवस सुटून बाहेर भटकली. दुसरा अर्थ मला जास्त आवडतो, कारण मग पहिल्याच प्रसंगात भिंतीवर सैतान मेलेल्यांना उचलून नेताना का दाखवला ते कळतं, आणि शेवटच्या विमानात प्रवासी म्हणून नेमके वाड्यातलेच मुडदे का, तेही कळतं. चित्रात जे सैतान करतो तेच लिआंड्रो विमान चालवून करतो. दोन्ही एकच वाहतूक.

लिआंड्रो हा सैतान असूनही सिनेमाभर नोकर आहे, हे मला सर्वांत जास्त भावतं. तो शिंगं दाखवत नाही, गर्जना करत नाही. तो जेवण वाढतो, सामान उचलतो, पुटपुटतो, कामाचा कंटाळा आल्याचं सांगतो. एका प्रसंगात शवपेटी आखूड पडते. तो वैतागतो, मुडद्याचे पाय घोट्यापाशी मोडतो आणि पेटीत बसवतो. रक्ताचा थेंब नाही, नुसता मोडल्याचा आवाज, आणि लिआंड्रोच्या चेहऱ्यावर एखादं किरकोळ काम उरकल्याचा भाव. जेवणाच्या टेबलावर लाल वाइन सांडते आणि त्या सांडलेल्या वाइनमध्ये लिआंड्रोचा चेहरा दिसतो. घरात खरी सत्ता कोणाची हे सांगायला बावाला एक संवादही लागत नाही. ज्यांनी ‘सिनेमा कळला नाही’ म्हणून सोडून दिला त्यांनी नुसता लिआंड्रोवर डोळा ठेवून तो पुन्हा पाहावा. बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

काही तक्रारी मात्र रास्त आहेत. बावाचा झूमचा सोस त्यांतला एक. कॅमेरा रुळांवरून न्यायला वेळ आणि पैसा लागतो, झूम फिरवायला दोन्ही लागत नाहीत. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या त्याच्या सिनेमांत झूम सारखा पुढेमागे होतो आणि इथेही काही ठिकाणी नुसता त्रास देतो. मधला भाग रेंगाळतो. श्रीमंत जोडप्याची भांडणं जितकी दाखवली आहेत तितकी लागत नव्हती. मॅक्सिमिलियन बेशुद्ध लिसाला एलेनाच्या सांगाड्याशेजारी झोपवतो तो प्रसंग अनेकांना पाहवत नाही. त्याची गोष्टीत जागा आहे, कारण त्याचं प्रेम पहिल्यापासून मेलेल्या बाईवरच आहे, जिवंत लिसाशी त्याला कर्तव्य नाही. तरी कॅमेरा तिथे गरजेपेक्षा जास्त रेंगाळतो, हे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. संगीताबद्दल दोन मतं आहेत: स्पॅनिश संगीतकार होआकीन रोद्रिगोच्या गिटार कन्चेर्तोची, म्हणजे गिटार आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेची, धून त्यात हलक्याफुलक्या वाद्यवृंदाच्या साजात येते, कुणाला ती लिफ्टमधल्या संगीतासारखी वाटते, कुणाला हृदयाला हात घालते. मला ती हुरहूर लावते.

प्रतीचाही प्रश्न आहे. टीव्ही आणि व्हिडिओ कॅसेटच्या काळात हा सिनेमा ज्यांनी पाहिला त्यांनी कडा कापलेली, रंग उडालेली प्रत पाहिली. दुसऱ्या एखाद्या सिनेमाचं यात थोडंफार नुकसान झालं असतं. बावाच्या सिनेमात रंग आणि चौकटीची मांडणी हेच अर्ध्याहून जास्त सांगत असतात, ते गेल्यावर हातात उरते ती विस्कळीत गोष्ट. त्या पिढीच्या ‘कंटाळवाणा’ या मताला म्हणूनच दोष देता येत नाही. स्वच्छ केलेल्या डिस्क आल्यावर नव्याने पाहणाऱ्यांची मतं सुधारली, यात नवल नाही.

आणि याच कारणाने अशा सिनेमाचे आकडे फसवे असतात. निम्म्या लोकांनी दहापैकी नऊ दिले आणि निम्म्यांनी तीन, तर सरासरी सहा येते. सहा म्हणजे ‘बरा आहे, वेळ जातो’. पण हा सिनेमा ‘बरा’ वाटलेला माणूस शोधून सापडणं कठीण. आकड्याकडे न बघता नऊ देणारा काय म्हणतो आणि तीन देणारा काय म्हणतो हे वाचलं तर आपण कुठल्या बाजूला पडू याचा अंदाज पटकन येतो.

बावाच्या नशिबी हे एकदाच आलं असंही नाही. १९६३ च्या ‘इ त्रे वोल्ती देल्ला पाउरा’ या तीन कथांच्या भयपटाचंही असंच झालं. अमेरिकेत तो ‘ब्लॅक सॅबथ’ म्हणून लागला तेव्हा कथांचा क्रम बदलला, संगीत बदललं आणि टेलिफोनवरून येणाऱ्या धमक्यांची जी कथा मुळात दोन बायकांमधल्या संबंधांची आणि एका सूडाची होती, तिच्यात संवाद बदलून भूत घुसवलं. त्याही सिनेमाबद्दल जुने अमेरिकन प्रेक्षक आणि इटालियन प्रेक्षक बोलू लागले की दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्यासारखं वाटतं.

तेव्हा पाहणारच असाल तर थोडं व्यवहाराचं सांगतो. सुरुवातीला पत्ते मांडणारा हात दिसला आणि पहिल्या वीस मिनिटांत इस्पितळ किंवा फादर मायकेल आला नाही, तर तुमच्या हातात बावाचा सिनेमा आहे. आला, तर थांबा आणि दुसरी आवृत्ती शोधा. बऱ्याच डिस्कवर दोन्ही एकत्र असतात. आधी ‘लिसा’ पाहा, इंग्रजी आवाज निवडा, कारण सवालासचा खरा आवाज तिथे आहे. रात्री, दिवे मालवून, मोबाइल बाजूला ठेवून पाहा. पहिली वीस मिनिटं मन रमलं नाही तरी वाड्याचं दार उघडेपर्यंत थांबा. मग हवं तर चार-आठ दिवसांनी ‘हाउस ऑफ एक्झॉर्सिझम’ लावा आणि तीच दृश्यं नव्या जागी बसवल्यावर काय होतं ते पाहा. संकलनाने सिनेमाचा अर्थ कसा फिरतो हे शिकवायला कुठल्याही चित्रपट अभ्यासक्रमात ही जोडी ठेवावी, इतकी ती चोख आहे.